वाट पाहण्याची किंमत

बोर्दोची उंची रेड वाइन पैसे मोजून विकत घेता येते. ती राखण्यासाठी आणि योग्य वेळी उघडण्यासाठी मात्र थोडे ज्ञान आणि पुष्कळ संयम लागतो. या वाइनची चव कशी पाहतात, ती तळघरात का ठेवतात आणि ती 'तयार' झाल्याचे कसे ओळखतात, याचा हा आढावा.

प्रतिनिधी

एप्रिल २०१२मध्ये फ्रान्सच्या बोर्दो परिसरातील शातो लातूर या ख्यातनाम वाइन उत्पादकाने एक निर्णय जाहीर केला आणि जगभरच्या वाइन व्यापारात खळबळ उडाली. (या नावाचा आपल्या लातूरशी काही संबंध नाही. 'ला तूर' म्हणजे बुरूज. खाडीच्या रक्षणासाठी मध्ययुगात उभारलेल्या बुरुजावरून हे नाव पडले.) बोर्दोतील अनेक दशकांची रूढी अशी, की शरद ऋतूत द्राक्षे खुडली जातात आणि पुढच्या वसंतात, वाइन अद्याप लाकडी पिंपात असतानाच, व्यापारी व समीक्षक तिची चव पाहतात. त्यावरून भाव ठरतो. ग्राहक तेव्हाच पैसे भरतो आणि बाटल्या त्याच्या हाती सुमारे दोन वर्षांनी पडतात. या पद्धतीला 'आँ प्रिमर' म्हणतात. २०११च्या हंगामानंतर आपण असा आगाऊ व्यवहार करणार नाही, वाइन आमच्याच तळघरात राहील आणि पिण्याजोगी झाल्यावर बाजारात येईल, असे लातूरने सांगितले.

हा निर्णय वरकरणी व्यापारी होता. परंतु त्यामुळे एक जुनाच प्रश्न पुन्हा समोर आला. बोर्दोची उत्तम वाइन तयार होते त्या दिवशी ती पिण्यास योग्य नसते. ती योग्य होईपर्यंत दहा, वीस, क्वचित चाळीस वर्षे कोणीतरी तिची राखण करावी लागते. ती कोणी करायची, कशी करायची आणि थांबायचे केव्हा? कोवळ्या वाइनची चव पाहणे हे एक भाकीत असते. तळघरात ती ठेवणे म्हणजे त्या भाकितावर पैसा आणि आयुष्याची काही वर्षे लावणे. निकाल लागतो तो बूच निघाल्यावर आणि तेव्हा चूक दुरुस्त करण्याची सोय उरलेली नसते.

खाडीच्या दोन काठांवर

फ्रान्सच्या नैर्ऋत्येस गारोन आणि दोर्दोन्य या नद्या एकत्र येतात आणि जिरोंद नावाच्या विस्तीर्ण खाडीतून अटलांटिक महासागराला मिळतात. गारोनच्या काठी बोर्दो हे बंदर आहे. ११५२मध्ये या प्रदेशाची वारसदार एलिनॉर हिने हेन्री प्लांटाजेनेटशी विवाह केला. दोन वर्षांनी तो इंग्लंडचा राजा झाला आणि पुढची सुमारे तीनशे वर्षे हा मुलूख इंग्लंडच्या राजसत्तेशी जोडला गेला. तेव्हापासून इंग्रजांना येथील वाइनची गोडी लागली. ते तिला आजही 'क्लॅरेट' म्हणतात.

मात्र त्या काळी जहाजांतून जाणारी वाइन फिकट, हलकी आणि वर्षाच्या आत संपवायची वस्तू होती. नवा माल आला की जुन्याचा भाव पडे. पिंपातली वाइन हवेशी झगडत लवकरच आंबून जाई. वाइन मुरवण्याची कल्पना रूढ झाली ती सतराव्या-अठराव्या शतकात, मजबूत काचेची बाटली आणि तिला घट्ट बसणारे बूच सर्रास मिळू लागल्यावर. तळघरातील दीर्घ निद्रेची परंपरा वाइनइतकी प्राचीन नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

खाडीच्या डाव्या काठावर मेदोक आणि गारोनच्या डाव्या काठावर ग्राव्ह हे भाग आहेत. येथील जमिनीत खडी पुष्कळ. पाणी चटकन निचरून जाते, दगड दिवसा तापून रात्री ऊब देतात आणि उशिरा पिकणारे काबर्ने सोव्हिन्याँ हे जाड सालीचे द्राक्ष येथे चांगले साधते. पोयाक, मार्गो, सां-ज्युलियँ आणि सेंत-एस्तेफ ही मेदोकमधील नामवंत गावे. दोर्दोन्यच्या उजव्या काठावरील सेंत-एमिलियों आणि पोमरोल येथे चिकणमाती व चुनखडी अधिक, त्यामुळे तेथे मर्लो या मऊ, लवकर पिकणाऱ्या द्राक्षाचे राज्य. बोर्दोची रेड वाइन बहुधा मिश्रण असते. काबर्ने सोव्हिन्याँ कणा देते, मर्लो मांसलपणा देते, काबर्ने फ्रांक सुगंध देते आणि प्ती व्हेर्दो चिमूटभर मसाल्यासारखे वापरले जाते. नव्या वाइनला सुमारे दीड वर्ष २२५ लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपात ठेवतात. एका पिंपातून साधारण ३०० बाटल्या निघतात.

१८५५ची यादी

पॅरिसमध्ये १८५५ साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत बोर्दोच्या वाइनची प्रतवारी मागवण्यात आली. तेथील दलालांनी त्यासाठी नव्याने चाखण्याचा सोहळा केला नाही. वर्षानुवर्षे बाजारात कोणत्या मळ्याच्या वाइनला काय भाव मिळतो, त्यावरून त्यांनी मळ्यांचे पाच वर्ग पाडले. पहिल्या वर्गात लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों हे चार होते. दुसऱ्या वर्गातील मुटाँ रॉथशिल्डला बढती मिळाली ती १९७३ साली, अनेक वर्षांच्या खटपटीनंतर. त्या वेळी जाक शिराक हे कृषिमंत्री होते. यापलीकडे या यादीत फारसा बदल झालेला नाही.

जन्मतारखेवरून माणसाची योग्यता ठरवावी तशी ही यादी आहे, अशी टीका तिच्यावर होते आणि ती अगदीच चुकीची नाही. मळ्यांचे मालक बदलले, जमिनी वाढल्या-घटल्या, पाचव्या वर्गातील काही मळे आज दुसऱ्या वर्गाच्या तोडीची वाइन करतात. शिवाय पोमरोल आणि सेंत-एमिलियों या यादीत नाहीतच. तेव्हा बाटलीवरील वर्ग हा प्रतिष्ठेचा दाखला आहे. ती बाटली किती वर्षे टिकेल, याची ती हमी नव्हे.

बाटलीत काय घडते?

मराठी माणसाला हा विषय समजावून देण्यासाठी 'मुरणे' या शब्दापेक्षा चांगला शब्द नाही. बरणीतले लोणचे काही आठवड्यांत मुरते, कारण मीठ, आंबटपणा आणि तेल यांनी त्याचे रक्षण होत असते आणि त्या आडोशाला फोडी हळूहळू बदलत असतात. मीठ कमी पडले तर तेच लोणचे नासते. वाइनचेही असेच आहे. तिला टिकवून धरणारी द्रव्ये तिच्यात पुरेशी असतील, तरच काळ तिला घडवतो. नसतील तर तिची नुसतीच झीज होते.

रेड वाइनला टिकवून धरणाऱ्या द्रव्यांत पहिले नाव टॅनिनचे. द्राक्षाची साल व बिया यांतून ते येते, काही अंश ओकच्या लाकडातूनही येतो. हिरडा, सुपारी, अर्धवट पिकलेले जांभूळ किंवा फार उकळलेला चहा तोंडात जो कोरडेपणा आणतो, तो याच जातीच्या द्रव्यांचा. टॅनिन आपल्या लाळेतील प्रथिनांना चिकटते, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि जीभ खरखरीत वाटू लागते. कोवळी बोर्दो वाइन पिताना अनेकांचे तोंड वाकडे होते, ते यामुळेच.

काळाच्या ओघात टॅनिनचे रेणू एकमेकांशी आणि सालीतून आलेल्या रंगद्रव्यांशी जोडले जातात. ही जोडणी होताना तुरटपणाचा स्पर्श बदलतो. वाइन मऊ लागू लागते. मोठे झालेले काही रेणू द्रवात तरंगू न शकल्याने तळाशी बसतात आणि जुन्या बाटलीत दिसणारा काळसर गाळ तयार होतो. रंगद्रव्य असे खाली गेल्याने वाइनचा रंगही पालटतो. सुरुवातीला जांभळट असलेली वाइन माणकासारखी लाल होते, मग विटकरी आणि अखेरीस तपकिरी.

गंधातही असाच बदल होतो. आरंभी फळांचा आणि नव्या लाकडाचा वास असतो. बुचातून आणि बाटलीच्या मानेतील पोकळीतून मिळणारा अत्यल्प प्राणवायू आणि आम्ल-मद्यार्क यांच्या संथ क्रिया यांमुळे नवे गंध जन्मतात. देवदाराचे लाकूड, तंबाखूची पेटी, कमावलेले चामडे, पावसात भिजलेला पालापाचोळा, अशा शब्दांत जाणकार त्यांचे वर्णन करतात. आंबटपणा मात्र फारसा कमी होत नाही. म्हणूनच फळाचा रसरशीतपणा टॅनिनच्या आधी आटला, तर हाती उरते ती आंबट-तुरट, कोरडी वाइन. कितीही वाट पाहिली तरी ती सुधारत नाही.

पेला हाती घेताना

चाखण्याची रीत अवघड नाही, ती शिस्तीने करावी लागते इतकेच. वर निमुळता होत जाणारा, देठाचा पेला घ्यावा आणि तो एक तृतीयांशच भरावा. देठाला धरावे, म्हणजे हाताच्या उबेने वाइन तापत नाही. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडेचा रंग पाहावा. मध्यभाग गडद आणि कड जांभळट असेल तर वाइन कोवळी आहे. कड विटकरी झाली असेल तर ती प्रौढ झाली आहे.

त्यानंतर नाकाची पाळी. आधी पेला न हलवता वास घ्यावा, मग तो गोल फिरवून पुन्हा घ्यावा. काबर्ने सोव्हिन्याँच्या वाइनमध्ये हमखास सांगितला जाणारा गंध म्हणजे ब्लॅककरंट या फळाचा. मराठी घरात हे फळ येत नाही. परंतु पिकलेले करवंद आणि जांभूळ आठवले तर आपण त्याच्या शेजारी पोहोचतो. द्राक्षे पुरती पिकली नसतील तर ढोबळी मिरचीचा वास येतो आणि यात कल्पनाविलास नाही. मिरचीत आणि या द्राक्षात एकाच कुळातील गंधद्रव्ये असतात. पोयाकच्या वाइनमध्ये पेन्सिलीला टोक काढताना येणारा वासही अनेकांना जाणवतो.

ओल्या पुठ्ठ्याचा किंवा कोंदट अडगळीतील वर्तमानपत्रांचा वास आला, तर मात्र वाइन बिघडली आहे. बुचात तयार होणारे ट्रायक्लोरोॲनिसोल हे संयुग त्याला कारणीभूत असते. ते अपायकारक नाही, पण त्याचा अतिसूक्ष्म अंशही अत्यंत महाग बाटली वाया घालवू शकतो. भाव, वर्ग आणि वर्ष यांचा त्याच्यापुढे काही इलाज चालत नाही.

शेवटी घोट. तो तोंडात सर्वत्र फिरवावा आणि चार गोष्टी तपासाव्यात: आंबटपणा, तुरटपणा, मद्यार्काची ऊब आणि फळाची घनता. घोट गेल्यावर चव किती सेकंद रेंगाळते ते मोजावे. फ्रेंच जाणकारांनी या एका सेकंदाला 'कोदाली' असे नावच दिले आहे. कोवळ्या वाइनबाबत भाकीत करायचे ते येथे. तुरटपणा कितीही जोरकस असला तरी चालतो, मात्र त्याच्यामागे तितकेच भरघोस फळ हवे आणि टॅनिनचा पोत बारीक हवा. कडवट, हिरवट, ओबडधोबड तुरटपणा काळाने सुधारत नाही. व्यावसायिक परीक्षक घोट थुंकून टाकतात, कारण सकाळभरात कित्येक वाइन तपासायच्या असतात आणि मद्यार्काने जीभेआधी बुद्धी बोथट होते.

जिभेवर आणि नाकावर अतिविश्वास ठेवू नये, याचा धडाही बोर्दोनेच दिला आहे. २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फ्रेदेरिक ब्रोशे व त्यांच्या सहकाऱ्यांनी बोर्दो विद्यापीठातील वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक व्हाइट वाइन आणि तीच वाइन गंधहीन लाल रंग मिसळून हुंगण्यास दिली. रंगवलेल्या वाइनचे वर्णन करताना विद्यार्थ्यांनी रेड वाइनचीच विशेषणे वापरली. डोळ्यांनी नाकाला फसवले होते. बाटलीवरचे नाव आणि किंमत यांचाही असाच परिणाम होतो. म्हणून गंभीर परीक्षण बाटली झाकून केले जाते.

तळघराचे शास्त्र

वाइनला चार गोष्टी लागतात: थंडावा, स्थिर तापमान, अंधार आणि दमट हवा. सुमारे १२ ते १३ अंश सेल्सियस आणि ७० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता हे आदर्श मानले जाते. जमिनीखालच्या दगडी तळघरात हे आपोआप साधते. तापमान वाढले की बाटलीतील रासायनिक क्रिया वेग घेतात, पण सर्व क्रिया सारख्या प्रमाणात वेग घेत नाहीत. त्यामुळे उबेत ठेवलेली वाइन 'लवकर मुरली' असे होत नाही. ती वेगळ्याच, बहुधा शिजवलेल्या फळासारख्या चवीकडे जाते. तापमान सतत चढत-उतरत राहिले तर द्रव प्रसरण-आकुंचन पावतो, बूच सैल होते, वाइन झिरपते आणि हवा आत शिरते. प्रखर प्रकाशाने गंध बिघडतो. रेड वाइनच्या बाटल्या गडद हिरव्या असतात, त्या याचसाठी. बाटली आडवी ठेवण्याची परंपरा बूच ओलसर राहावे म्हणून आहे. वाळलेले बूच आक्रसते.

याचे बोलके उदाहरण लंडनमधील एका लिलावाचे आहे. डिसेंबर १९८५मध्ये क्रिस्टीज या संस्थेने १७८७ सालची लाफित म्हणून एक बाटली १ लाख ५ हजार पौंडांना विकली. ती अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या संग्रहातील असल्याचे सांगण्यात आले होते. फोर्ब्ज कुटुंबाने ती विकत घेऊन प्रदर्शनात मांडली. पुढे दिव्यांच्या उष्णतेने तिचे बूच आक्रसले आणि बाटलीत घसरले. या मालिकेतील बाटल्या मुळात अस्सल होत्या का, याबद्दलही नंतर गंभीर शंका घेतल्या गेल्या. पण त्या अस्सल असत्या, तरी दिव्याखाली उभी ठेवलेली वाइन वाचली नसतीच.

फ्रान्सच्या सहलीवरून एखादी चांगली बाटली आणणाऱ्या किंवा ती भेट मिळालेल्या आपल्याकडच्या वाचकांनी हे ध्यानात घ्यावे. मुंबईच्या घरात वर्षातील बहुतेक काळ दुपारचे तापमान ३० अंशांच्या आसपास असते. विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा तर विचारूच नये. दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात, स्वयंपाकघरातील फळीवर किंवा फ्रिजच्या माथ्यावर दिमाखाने उभी ठेवलेली बाटली एका उन्हाळ्यातच आपले भवितव्य गमावू शकते. दिवसा बंद राहणारा वातानुकूलन यंत्राचा गारवाही उपयोगाचा नाही, कारण चढउतार कायम राहतो. स्थिर तापमान राखणारे वाइनचे खास कपाट हाच दीर्घकाळासाठी उपाय आहे. तो नसेल तर बाटली घरातील फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, संपवणे शहाणपणाचे. फ्रिजची हवा कोरडी असते. तेथे वर्षानुवर्षे ठेवणे योग्य नाही.

उघडायची केव्हा?

या प्रश्नाने भल्याभल्यांना चकवले आहे. १९७५चा हंगाम त्या वेळी दीर्घायुषी म्हणून गौरवला गेला. वाइनमध्ये टॅनिन भरपूर होते. परंतु त्यांपैकी कित्येकींमध्ये तुरटपणा मऊ होण्याआधीच फळ आटून गेले. याउलट १९८२च्या वाइन इतक्या रसाळ आणि मऊ होत्या, की त्या टिकणार नाहीत असे काही नामांकित समीक्षकांचे मत पडले. रॉबर्ट पार्कर या तेव्हा फारशा परिचित नसलेल्या अमेरिकी समीक्षकाने त्यांची मुक्तकंठाने स्तुती केली. १९८२ हा विसाव्या शतकातील थोर हंगामांपैकी एक ठरला आणि पार्कर यांचे नाव जगभर झाले.

दुसरा धडा पॅरिसमधील आहे. २४ मे १९७६ रोजी स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने भरवलेल्या, बाटल्या झाकून घेतलेल्या चाचणीत फ्रेंच परीक्षकांनी कॅलिफोर्नियाच्या रेड वाइनला बोर्दोच्या दिग्गजांवर पहिला क्रमांक दिला. आमच्या वाइन अजून कोवळ्या आहेत, त्यांना वेळ द्या, असा बचाव त्यानंतर करण्यात आला. वेळ दिला गेला. ३० वर्षांनी, २००६मध्ये, त्याच वाइनची पुन्हा चाचणी झाली आणि कॅलिफोर्नियाचीच १९७१ची रिज माँटे बेलो पहिली आली. टिकण्याची क्षमता ही बोर्दोची मक्तेदारी नाही, हे त्यातून दिसले. मात्र ३० वर्षांनंतर परीक्षणास बसण्याइतका जीव दोन्ही देशांच्या वाइनमध्ये होता, हेही तितकेच खरे.

व्यवहारात काही आडाखे उपयोगी पडतात. बोर्दोची सामान्य दर्जाची वाइन पहिल्या पाच-सहा वर्षांत प्यावी. तिला तळघर मानवत नाही. १८५५च्या यादीतील चांगल्या मळ्याची, चांगल्या वर्षाची वाइन दहाव्या वर्षाच्या सुमारास उमलू लागते आणि वीस वर्षांपर्यंत सहज चालते. १९६१, १९८२, २०००, २००५, २००९, २०१०, २०१६ यांसारख्या हंगामांतील अव्वल वाइन त्याहून पुढे जातात. दीड लिटरच्या मोठ्या बाटलीत वाइन सावकाश मुरते, कारण द्रवाच्या मानाने तिला मिळणारी हवा कमी असते. सर्वांत खात्रीचा मार्ग जुनाच आहे. एकाच वाइनच्या सहा बाटल्या घ्याव्यात आणि दोन-तीन वर्षांच्या अंतराने एकेक उघडावी. पहिली घाईची वाटेल, शेवटची कदाचित उशिराची. पण मधली एखादी नेमकी सापडते. एकच बाटली असेल, तर थोडे लवकर उघडणे बरे. कोवळ्या वाइनमध्ये निदान फळाचा आनंद मिळतो. उलटून गेलेल्या वाइनमध्ये काहीच मिळत नाही.

कागदपत्रांचे मोल

जुनी बाटली विकत घेताना आपण द्राक्षाच्या रसाबरोबर तिच्या आजवरच्या राखणीचीही किंमत मोजत असतो. ती कोणाच्या तळघरात होती, किती वेळा हलवली गेली, याचा माग लागला पाहिजे. बाटलीतील वाइनची पातळी हा एक पुरावा. ती मानेपर्यंत असेल तर ठीक, खांद्याच्या खाली उतरली असेल तर हवा आत गेली असे समजावे. बूच वर आलेले किंवा लेबलावर झिरपल्याचे डाग असतील तर ती उष्णतेची खूण.

हा माग सोडला की फसवणुकीला वाव मिळतो. रूडी कुर्नियावान या इंडोनेशियन वंशाच्या संगाहकाने अमेरिकेतील धनाढ्यांना कोट्यवधी डॉलरच्या दुर्मीळ वाइन विकल्या. मार्च २०१२मध्ये त्याला अटक झाली तेव्हा त्याच्या घरात रिकाम्या बाटल्या, बुचे, शिक्के आणि छापील लेबलांचे ढीग सापडले. स्वस्त वाइन मिसळून तो थोर हंगाम 'तयार' करत असे. डिसेंबर २०१३मध्ये तो दोषी ठरला आणि २०१४मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या वाइनची वाहवा करणाऱ्यांत अनुभवी मंडळीही होती. ४० वर्षांपूर्वीच्या वाइनची नेमकी चव कोणती, हे सांगू शकणारे लोक मुळातच मोजके असतात. अशा ठिकाणी जीभ एकटी पुरी पडत नाही, कागदपत्रे लागतात.

बोर्दोमधील निसर्गही आता बदलतो आहे. तापमानवाढीमुळे द्राक्षे पूर्वीपेक्षा लवकर आणि अधिक गोड पिकतात, परिणामी मद्यार्काचे प्रमाण वाढले आहे. पूर्वी साडेबारा टक्क्यांच्या आसपास असणाऱ्या वाइन आता १४ टक्क्यांपर्यंत जातात. २०२१मध्ये बोर्दोच्या सर्वसाधारण वाइनसाठी उष्णतेला तोंड देऊ शकतील अशा सहा नव्या जातींच्या मर्यादित वापरास परवानगी देण्यात आली. त्यांत पोर्तुगालच्या तुरिगा नासिओनालचाही समावेश आहे. अधिक पिकलेल्या द्राक्षांच्या या वाइन आजोबांच्या काळातील वाइनइतक्या टिकतील का, याचे उत्तर आणखी वीस-तीस वर्षांनी तळघरांतूनच मिळेल. लातूरने सुरू केलेली पद्धत ग्राहकाची वाट पाहण्याची जबाबदारी कमी करते. मात्र त्या राखणीचा मोबदला अखेर किमतीत येतोच.

एक गोष्ट स्पष्ट असावी. मद्य कितीही उंची असले तरी ते मद्यच. मद्यपानाचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट केले आहे. बोर्दोची जुनी वाइन अनेक जणांत एक बाटली, थोडी आणि सावकाश अशीच घेतली जाते. तिच्या मागे गेलेल्या वर्षांचा मानही त्यातच राखला जातो.

उघडण्याच्या दिवशी

- जुनी बाटली एक-दोन दिवस आधी उभी करून ठेवावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो.
- वाइन १६ ते १८ अंश सेल्सियसला द्यावी. 'रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' हा नियम जुन्या युरोपातील थंड खोल्यांचा आहे. आपल्याकडे बाटली आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवणे आवश्यक.
- जुने बूच ठिसूळ असते. ते सावकाश, सरळ ओढावे.
- गाळ वेगळा करण्यासाठी वाइन काचेच्या सुरईत संथ धारेने ओतावी. बाटलीच्या मानेमागे दिवा किंवा मेणबत्ती धरावी आणि गाळ मानेशी दिसताच थांबावे.
- कोवळ्या वाइनला सुरईत दोन-एक तास हवा लागू द्यावी. फार जुनी वाइन पिण्याच्या अगदी आधी ओतावी. तिचा गंध हवेत थोड्याच वेळात विरतो.
- सोबतीला भाजलेले मांस किंवा जुने चीज चांगले. मांस व चीजमधील प्रथिने आणि स्निग्धता तुरटपणा सौम्य करतात. तिखट रश्श्यापुढे ही वाइन फिकी आणि कडवट लागते.